छायाचित्रकाराचे हत्यार : घरचे की खंडाचे?

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचे चार महिने बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील मंगल कार्यालयांना विश्रांतीचे असतात. मुहूर्त नाहीत म्हणून मांडव नाही, वाजंत्री नाही, आचारी नाही. आणि म्हणूनच छायाचित्रकारालाही मोठे काम नाही. गणेशोत्सवाचे व नवरात्राचे फ्लेक्स, प्रवेश-अर्जांना चिकटवावयाची पासपोर्ट आकाराची छायाचित्रे, आणि एखाद्या घरातील दिवंगत कर्त्या माणसाचा जुन्या समूहचित्रातून वेगळा काढून वर्षश्राद्धासाठी मोठा करावयाचा चेहरा, एवढ्या कामांवर त्याला गाळ्याचे भाडे आणि विजेचे बिल भागवावे लागते. या चार महिन्यांत एक खर्च मात्र मुहूर्त पाहत नाही. ज्या सॉफ्टवेअरवर तो छायाचित्रे सुधारतो आणि अल्बम जुळवतो, त्याची वर्गणी ठरलेल्या तारखेस त्याच्या बँक खात्यातून परस्पर वळती होते.

प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. ज्या भागात उसाचा दर, उजनीचे पाणी आणि नीरा डाव्या कालव्याची आवर्तने यांवर निवडणुका लढविल्या जातात, तेथे छायाचित्रकाराच्या संगणकाची चिंता कोणी करावी? परंतु या व्यवसायाचा विस्तार आता लहान राहिलेला नाही. लग्नाचा करिझ्मा अल्बम खेड्यापाड्यांत गेला आहे. तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते तेव्हा बेलवाडीच्या रिंगणाभोवती कॅमेऱ्यांची दाटी होते. भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यासाठी दूरदूरचे छायाचित्रकार येतात. त्यांना पाण्यावर नेणाऱ्या स्थानिक तरुणांपैकी कोणी स्वतः कॅमेरा हाती धरला, तर त्यात नवल नाही. शेतीला जोडधंदा हवा असे प्रत्येक व्यासपीठावरून सांगितले जाते. हा जोडधंदा कोणत्याही योजनेवाचून, कोणत्याही अनुदानावाचून उभा राहिला आहे. त्याचे मुख्य हत्यार कोणाच्या मालकीचे असावे, हा म्हणूनच अर्थकारणाचा प्रश्न ठरतो.

काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांच्या जमान्यात या धंद्याचा हिशेब सरळ होता. कॅमेरा आणि एन्लार्जर एकदा घ्यावयाचे. फिल्म, कागद आणि रसायने लागतील तशी आणावयाची. काम नसले तर रसायनांचा खर्चही नाही. निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करणाऱ्या कारागिराचा ब्रश आणि पेन्सिल त्याच्या घरचीच. थॉमस आणि जॉन नोल या बंधूंनी घडविलेले फोटोशॉप अडोबी कंपनीने १९९० साली बाजारात आणले, तेव्हाही पद्धत तीच राहिली. किंमत मोठी, परंतु एकदाच भरावयाची. पुढे नवी आवृत्ती निघाली तर ती घ्यावी अथवा न घ्यावी, हे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. १९१२ साली विकत घेतलेले शिवणयंत्र आजही चालते, त्याच न्यायाने जुने सॉफ्टवेअरही जुन्या संगणकावर चालत राहिले.

२०१३ च्या मे महिन्यात या कंपनीने जाहीर केले की यापुढील आवृत्त्या केवळ वर्गणीनेच मिळतील. २०१२ ची सीएस-सहा ही एकरकमी मिळणारी अखेरची मालिका ठरली. लाइटरूमची २०१५ ची सहावी आवृत्तीही तशीच अखेरची. घरगुती वापरासाठी असलेले फोटोशॉप एलिमेंट्स एकरकमी घेता येत असे. परंतु २०२४ च्या ऑक्टोबरात निघालेल्या आवृत्तीपासून त्याचाही परवाना तीन वर्षांपुरता झाला. म्हणजे पैसे एकदाच भरले तरी वस्तू कायमची आपली, असे तेथेही उरले नाही.

वर्गणी हा शब्दच येथे फसवा आहे. मराठी माणूस वर्गणी देतो ती गणपतीला, वाचनालयाला, वर्तमानपत्राला. वर्गणी थांबविली तर उद्याचा अंक येत नाही. कालचा अंक कोणी घरातून उचलून नेत नाही. येथे वर्गणी थांबली की फोटोशॉप उघडतच नाही. या व्यवहाराला वर्गणीपेक्षा खंड हा शब्द अधिक शोभतो, आणि खंड म्हणजे काय हे इंदापूर तालुक्याला शिकवावे लागत नाही. खाजगी साखर कारखान्यांकडे खंडाने गेलेल्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर राज्य शेती महामंडळाच्या ताब्यात गेल्या आणि त्या परत मिळविण्यासाठी खंडकऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांना प्रदीर्घ लढा द्यावा लागला. वस्तू एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, या स्थितीतून काय उद्भवते याचा तो धडा होता. छायाचित्रकाराने पंधरा वर्षे घडविलेले अल्बम त्याचेच आहेत, यात शंका नाही. परंतु ते ज्या स्वरूपात साठविले आहेत ते स्वरूप उघडण्याची किल्ली परक्या कंपनीच्या हाती असेल, तर त्याची मालकी सातबाऱ्यावर राहते आणि वहिवाट दुसऱ्याची होते.

मोसमी मिळकत, मासिक देणे

आता आकड्यांकडे वळू. वर्गणीचे दर योजनेगणिक व काळागणिक बदलतात. म्हणून हिशेबाच्या सोयीसाठी दरमहा एक हजार रुपये धरावेत. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर. वर्षाचे १४,१६० आणि पाच वर्षांचे ७०,८०० रुपये होतात. मोठा उद्योग हा कर आपल्या करातून वजा करून घेतो. परंतु ज्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि ज्याने म्हणून नोंदणी केलेली नाही, त्या स्टुडिओला ती वजावट मिळत नाही. म्हणजे तीच वस्तू तालुक्याच्या गावी महानगरातील नोंदणीकृत कंपनीपेक्षा महाग पडते. आणखी एक गोष्ट. हे १४,१६० रुपये बारा महिन्यांवर पसरलेले दिसतात. मिळवावे मात्र सात-आठ महिन्यांतच लागतात. सात महिन्यांवर ते वाटले तर कमाईच्या दर महिन्यावर दोन हजारांहून अधिक भार पडतो.

या परिसरातील लग्नाचा खर्चही बव्हंशी उसाच्या बिलावर अवलंबून असतो. ऊस गाळपास गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात ते लांबले की यजमान छायाचित्रकारालाही 'बिल निघाल्यावर देतो' असे सांगतो, आणि छायाचित्रकार नातेसंबंधांमुळे ते मान्य करतो. कंपनीला असे सांगता येत नाही. येणे उधारीचे आणि देणे रोखीचे, तेही यंत्राने वसूल होणारे, अशा कात्रीत लहान व्यावसायिक सापडतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑक्टोबरपासून अशा आपोआप वसुलीपूर्वी चोवीस तास आधी ग्राहकास सूचना देण्याचे बंधन घातले, ही चांगली गोष्ट झाली. पण सूचना मिळाल्याने खात्यात पैसे येत नाहीत.

करारातील बारीक अक्षरेही वाचली पाहिजेत. 'वार्षिक योजना, मासिक हप्ता' हे शब्द ऐकून पुष्कळांचा समज असा होतो की कोणत्याही महिन्यात थांबता येईल. प्रत्यक्षात तो वर्षाचा करार असतो आणि मध्येच सोडल्यास उरलेल्या रकमेचा काही भाग दंडादाखल भरावा लागतो. ही अट ग्राहकांपासून झाकली जाते आणि वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड केले जाते, असा आरोप करून अमेरिकेच्या सरकारनेच २०२४ च्या जूनमध्ये अडोबीविरुद्ध दावा दाखल केला. जेथे ग्राहक संघटित व न्यायालये जवळ, तेथे ही तक्रार सरकारपर्यंत गेली; निमगाव केतकीच्या स्टुडिओमालकाने कोणाकडे जावे?

यावर एक उत्तर बाजारात आधीच रूढ आहे, आणि ते चोरीचे आहे. कुलूप तोडलेली प्रत कोणीतरी पेन ड्राइव्हवर देतो आणि ती गावभर फिरते. पेटीतल्या फोटोशॉपची किंमत लहान स्टुडिओच्या आवाक्याबाहेर होती तेव्हापासून ही प्रथा आहे आणि तिच्याविषयी कोणालाच फारसे काही वाटत नाही. कायदा मात्र स्पष्ट आहे. संगणक आज्ञावलीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब खाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय अशा प्रतीबरोबर येणारा विषाणू एखाद्या रात्री संपूर्ण लगीनसराईचे काम गिळून टाकू शकतो, आणि त्या वधूवरांचे लग्न काही पुन्हा लागत नाही. ज्याची स्वतःची उपजीविका आपल्या चित्रांवरील हक्कावर चालते, ज्याचे छायाचित्र कोणी न विचारता फ्लेक्सवर छापले तर ज्याला राग येतो, त्याने दुसऱ्याचे श्रम फुकट वापरणे शोभत नाही, हे वेगळेच.

मग निवडावे काय?

निवड करताना बहुतेक जण किंमत प्रथम विचारतात. त्याआधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : पैसे देणे उद्या थांबविले, तर कालचे काम उघडेल काय? या कसोटीवर सॉफ्टवेअरचे प्रकार आपोआप वेगळे होतात. लाइटरूम क्लासिक वर्गणी संपल्यावरही उघडते, चित्रे पाहता येतात, बाहेर काढताही येतात; नवे संस्कार मात्र करता येत नाहीत. फोटोशॉपला तेवढीही दया नाही.

एकरकमी खरेदी हा दुसरा मार्ग. तो आजही उपलब्ध आहे. पेंटशॉप प्रो, डीएक्सओचे फोटोलॅब यांसारखी साधने त्या रीतीने मिळतात. परंतु एकदा विकत घेतले म्हणजे जन्माची ददात मिटली, असेही समजू नये. नवा कॅमेरा घेतला की त्याच्या रॉ फायली जुन्या आवृत्तीला ओळखू येत नाहीत. संगणकाची मूळ प्रणाली बदलली की जुने सॉफ्टवेअर कुरकुर करू लागते. कंपनीचा मालक बदलला तर धोरणही बदलते. ब्रिटनच्या सेरिफ कंपनीचे अफिनिटी फोटो २०१५ पासून एकरकमी मिळत होते आणि वर्गणीला कंटाळलेल्यांचे ते आश्रयस्थान झाले होते. २०२४ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हाने ती कंपनी घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरअखेर नवे अफिनिटी विनामूल्य जाहीर केले. त्यासाठी कॅनव्हाचे खाते मात्र उघडावे लागते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी कॅनव्हाच्या वर्गणीदारांनाच मिळतात. आज ते फुकट आहे म्हणून जरूर वापरावे. परंतु फुकट देणाऱ्याचा विचार बदलला तर काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

तिसरा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली गिम्प लिहावयास घेतले. आज जगभरचे स्वयंसेवक ते चालवितात. त्याची मूळ संहिता सर्वांना खुली असल्याने ते कोणी विकत घेऊन बंद करू शकत नाही. बरीच वर्षे त्याची खोड अशी होती की एकदा केलेला बदल चित्रात कायमचा मुरत असे. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने अनेक संस्कार मागाहून बदलण्याची सोय दिली आणि फोटोशॉपच्या पीएसडी फायलींची देवाणघेवाणही सुधारली. भिगवणच्या पक्षिचित्रकारांसाठी रॉ फायली धुण्याचे काम डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मुक्त साधने उत्तम करतात. रोहिताच्या पंखांतील फिकट गुलाबी छटा पहाटेच्या धुक्यात टिकविणे ही ज्यांची गरज, त्यांना यापलीकडे फारसे काही लागू नये. बाजारातून आणलेले तयार पीएसडी साचे हाती असतील तर ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी ते बऱ्याच अंशी जसेच्या तसे उघडते. जाहिराती सोसाव्या लागतात, एवढेच.

उणिवा सांगितल्याच पाहिजेत. गिम्पमध्ये छपाईच्या चार शाईंच्या रंगांत थेट काम होत नाही. छापील रूप कसे दिसेल हे पाहता येते आणि त्या रूपात फाइल काढताही येते, पण पत्रिका व माहितीपत्रके ऑफसेटवर छापणाऱ्याला ते अपुरे वाटेल. क्रिता या दुसऱ्या मुक्त साधनात ती सोय आहे. अल्बम छापणाऱ्या लॅबना बहुधा साधी जेपेग फाइलच लागते, त्यामुळे निव्वळ लग्नकामाला ही उणीव आड येत नाही. खरी अडचण बोटांची आहे. वीस वर्षे एकाच साधनावर फिरलेल्या बोटांना नव्या कळा शिकवणे म्हणजे उजव्या हाताने जेवणाऱ्याला डावा हात वापरावयास सांगण्यासारखे आहे. हा खर्च पावतीवर दिसत नाही, परंतु तो खर्चच आहे, आणि कंपन्या नेमक्या त्याच्याच भरवशावर भाव वाढवितात.

देवनागरीची कसोटी येथे निराळी लावली पाहिजे, कारण परदेशी परीक्षणांत तिचा उल्लेखही नसतो. अल्बमच्या मुखपृष्ठावर 'चि. सौ. कां.' आणि फ्लेक्सवर 'श्री क्षेत्र' लिहावयाचे असते. पुष्कळ परदेशी सॉफ्टवेअर युनिकोडमधील जोडाक्षरे फोडून टाकीत आले. फोटोशॉपमध्येही त्यासाठी योग्य पर्याय शोधून निवडावा लागतो. म्हणूनच आपल्या डीटीपीवाल्यांनी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या साधनांवर वर्षानुवर्षे भिस्त ठेवली. गिम्पमध्ये जोडाक्षरे नीट जुळतात, आणि मुंबईच्या एक टाइपने केलेल्या 'मुक्त'सारखे मोफत टंक त्यात विनासायास चालतात. कोणतेही साधन घेण्यापूर्वी त्यात 'क्षत्रिय', 'दुर्मीळ', 'कऱ्हा', 'ज्ञानेश्वर' एवढे चार शब्द लिहून पाहावेत. कऱ्हेकाठच्या बारामतीत ज्याला कऱ्हा नीट लिहिता येत नाही, ते साधन विनामूल्य असले तरी महाग आहे.

भाडे सरसकट वाईट नव्हे

वर्गणीची बाजू पोकळ आहे असे मात्र नाही. नवशिक्या तरुणाला हजारो रुपये एकदम घालण्याऐवजी महिन्याला थोडे देणे सोपे जाते. पेटीच्या काळात हाच तरुण चोरीच्या प्रतीकडे वळत होता. पार्श्वभूमी क्षणात काढून टाकणे, चित्रातील नकोशी वस्तू पुसून तेथे साजेसे काही भरणे, ही कामे नवी साधने इतक्या वेगाने करतात की मार्गशीर्षात आठवड्याला चार लग्ने हाताळणाऱ्याचे कितीतरी तास वाचतात. त्या तासांची किंमत वर्गणीहून अधिक असेल तर वर्गणी देणे हाच शहाणपणा. शेतकरी मळणीयंत्र विकत घेत नाही, ऊसतोडणीचे यंत्र तर नाहीच. ते हंगामापुरते भाड्याने आणतो. खुरपे आणि कुदळ मात्र घरचीच ठेवतो. छायाचित्रकारानेही तसेच करावे. रोजचे काम मुक्त वा मालकीच्या साधनावर, आणि अगदी गरज पडली तर ऐन सराईच्या दोन-तीन महिन्यांपुरती, वार्षिक करार नसलेली मासिक वर्गणी. दर महिन्याचा दर चढा दिसेल. वर्षाची बेरीज कमी भरेल.

फोटोशॉप येत असेल तरच नोकरी मिळते, म्हणून वर्गात फोटोशॉपच शिकवावे, असा युक्तिवाद नेहमी होतो. त्यात तथ्य आहे; परंतु नोकरीच्या बाजारात मागणी निर्माण होते ती शिकविलेल्या सवयीतूनच, हे त्याचे दुसरे टोक. केरळने आपल्या शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर रुजविले आणि तेथील मुले पाठ्यपुस्तकातच गिम्प शिकतात. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीने संगणक खेड्यापर्यंत नेला, हे मोठेच काम झाले, पण त्या शिक्षणाने हातांना वळण लावले ते मुख्यतः एका कंपनीच्या साधनांचे. १९६२ पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि १९७२ पासून विद्या प्रतिष्ठान ज्या बारामतीत आहेत, तेथे स्तर, मुखवटा, वक्र आणि रंगसंतुलन या कल्पना साधननिरपेक्ष रीतीने शिकविणारा एखादा अल्पमुदतीचा वर्ग चालविणे अवघड नाही. कल्पना कळली की बटण कोठे आहे हे दोन दिवसांत सापडते.

सहकाराच्या या भूमीत आणखी एक गोष्ट सुचविण्यासारखी आहे. कंपनीचा परवाना व्यक्तिगत असतो. चार स्टुडिओंनी मिळून एक वर्गणी वापरणे हा करारभंग ठरतो. मुक्त सॉफ्टवेअरला ही अट नाही. निरनिराळ्या कुटुंबांतील दहा व्यक्तींना १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली संस्था नोंदविता येते. दोन तालुक्यांतील छायाचित्रकारांनी तशी संस्था काढून एक जाणकार शिक्षक वर्षातून काही दिवस बोलावला, रंग अचूक दाखविणारा एक चांगला मॉनिटर सामाईक ठेवला आणि जुन्या फायली जतन करण्याची सोय केली, तर प्रत्येकाच्या वर्गणीचा काही भागही त्यास पुरेल. उरलेल्यातून काही रक्कम गिम्पच्या स्वयंसेवकांना देणगी म्हणून पाठवावी. मुक्त वस्तूही कोणाच्या तरी श्रमातून निर्माण होते, आणि सारेच फुकटे निघाले तर ती विहीर आटते, हे पाणी वाटून घेणाऱ्या गावांना सांगावयास नको.

हा बदल करावयाचा तर भाद्रपदाचा कृष्ण पक्ष त्याला योग्य. पितृपंधरवड्यात शुभकार्याची ऑर्डर येत नाही, हात मोकळे असतात. गेल्या सराईतील एकच अल्बम घ्यावा, त्याची प्रत नव्या साधनात उघडावी, कोणता स्तर हरवला, कोणते अक्षर मोडले ते टिपून ठेवावे, आणि जुन्या साऱ्या अल्बमांच्या टिफ वा जेपेग प्रती वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून घ्याव्यात. हे काम वर्गणी चालू असतानाच उरकले पाहिजे. ती संपल्यावर पीएसडी फायली उघडण्यासाठी पुन्हा त्याच दारात जावे लागेल. तुळशीचे लग्न लागेपर्यंत दोन महिने मिळतात.